मार्शल फॉल्क – मॅककॅफ्रीच्या आधीचा मॅककॅफ्री, आणि माझ्या मते त्याच्याहून भारी

चेस्टरफिल्डकर
परवा एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) गप्पांत कोणीतरी ठोकून दिलं की ख्रिश्चन मॅककॅफ्रीसारखा सगळं करणारा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) आधी झालाच नाही. तिकडे फाटे फुटायला नकोत म्हणून वेगळा धागा काढतोय.

मंडळी, मार्शल फॉल्क. नंबर २८. सेंट लुईस रॅम्स. (हो, तेव्हा रॅम्स आमच्याकडे होते, २०१६ ला लॉस एंजेलिसला पळवले, त्यावर आज बोलत नाही, बीपी वाढतं.)

१९९९ चा सीझन घ्या. पळून १३८१ यार्ड, कॅच घेऊन १०४८ यार्ड, कॅच ८७. एकाच सीझनमध्ये दोन्हीकडे हजार. फॉल्कच्या आधी हे फक्त सॅन फ्रान्सिस्को ४९र्सच्या रॉजर क्रेगने केलं होतं, १९८५ मध्ये, आणि नंतर मॅककॅफ्रीने २०१९ ला. बस, तीनच माणसं. फॉल्कची एकूण बेरीज २४२९, हा तेव्हा लीगचा रेकॉर्ड होता, तो २००९ ला टेनेसीच्या ख्रिस जॉन्सनने मोडला.

पण आकडे बाजूला ठेवा. मी त्या काळात सेंट लुईसला होतो, वायटूकेच्या (२००० सालच्या कॉम्प्युटर घोळाच्या) कृपेने आलेली आमची अख्खी बॅच होती, आणि ऑफिसातल्या लोकांनी धरून धरून गेम बघायला शिकवलं. नवीन माणूस आधी बॉलकडेच बघतो, मीही तेच करायचो, मग एका कलीगने सांगितलं की बॉल सोड आणि २८ नंबर कुठे उभा राहतोय तेवढं बघ. तेव्हापासून गेमच बदलला. तो क्वार्टरबॅकच्या (पास टाकणारा) मागे उभा असायचा, मग चालत चालत एकदम साइडलाईनकडे रिसीव्हरसारखा (पास झेलणारा) जाऊन उभा राहायचा, आणि समोरच्या डिफेन्समध्ये नुसती बोंबाबोंब, हात दाखव, ओरड, याला कोण घेतंय त्याला कोण घेतंय. अजून बॉल हललेला पण नाही!

माझं म्हणणं एवढंच की फॉल्कची खरी कमाई यार्डात नाहीये. समोरच्याला आधीच ठरवावं लागायचं की याला पळणारा समजायचं का झेलणारा, आणि काहीही ठरवलं तरी चूकच. म्हणून 'सगळ्यात जास्त धावलेले' टाइप याद्यांमध्ये त्याला बघूच नका.

टवाळखोर
आला सेंट लुईसवाला. आता टीम गेलेल्या गावाचं दुःख पानभर वाचायचं. चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नवशिका
प्रश्न बावळट वाटेल पण विचारतो. हा रनिंग बॅक म्हणजे बॉल घेऊन पळणारा, बरोबर? मग कॅच घेतला तर त्यात एवढं काय? आपल्याकडचा ऑलराउंडर असतो तसं का?

चेस्टरफिल्डकर
@नवशिका बावळट अजिबात नाही. ऑलराउंडर बॅटिंग करतो तेव्हा बॅटिंग आणि बॉलिंग करतो तेव्हा बॉलिंग, समोरच्याला माहीत असतं आत्ता काय चालू आहे. इथे प्रत्येक प्लेला तोच माणूस चार वेगवेगळी कामं करू शकतो आणि बॉल सुटेपर्यंत कोणालाच कळत नाही कुठलं करणार. एक, बॉल हातात घेऊन गर्दीत घुसणार. दोन, बाहेर पळत जाऊन पास झेलणार. तीन, काहीच घेणार नाही, नुसता क्वार्टरबॅकसमोर उभा राहून अंगावर धावून येणाऱ्या १०० किलोवाल्याला अडवणार, म्हणजे क्वार्टरबॅकला बॉल टाकायला दोन सेकंद मिळतील. चार, बॉल घेतल्याचं नाटक करणार आणि तीन जण उगाच त्याच्या मागे लागणार.

आता डिफेन्सचं बघ. फॉल्कवर लाईनबॅकर लावला तर तो दणकट पण जड, मोकळ्या जागेत फॉल्क त्याला नाचवणार. हलका चपळ डिफेन्सिव्ह बॅक आणला तर लगेच बॉल हातात देऊन त्याच्याच अंगावर पळवायचा. बरं दोन माणसं लावली तर तिकडे आमचे रिसीव्हर आयझॅक ब्रूस आणि टॉरी होल्ट मोकळे.

आणि तिसरं काम टीव्हीवर दिसत नाही म्हणून कोणी बोलत नाही. फॉल्क त्यात फार पक्का होता. कोण कुठून येणार हे आधी ओळखायचा. त्याच्या वेळचे लोक सांगतात की त्याला स्वतःचंच नाही तर बाकी दहा जणांचं काम पण पाठ असायचं.

नवशिका
ओके हे आता कळलं. धन्यवाद दादा.

आकडेमोड
मी जरा पाणी ओततो, राग मानू नका.

फॉल्क पाच वर्षं इंडियानापोलिस कोल्ट्सकडे होता, १९९४ ते ९८. तिथे काय केलं? पहिल्या वर्षी १२८२, ठीक, मग १०७८, मग १९९६ मध्ये ५८७ आणि सरासरी प्रत्येक कॅरीला (बॉल घेऊन एकदा पळणं) ३ यार्ड. तीन! (पायाचा अंगठा दुखावला होता, मान्य.) मग १०५४. म्हणजे बरा खेळाडू, देव नाही. मग तोच माणूस रॅम्सकडे जातो आणि सरासरी ५.५, ५.४, ५.३. एवढा फरक माणसात एकदम येतो का? घुमटाखाली, कृत्रिम गवतावर, समोर वाट मोकळी करणारा ऑर्लँडो पेससारखा लेफ्ट टॅकल, दोन्ही बाजूला ब्रूस-होल्ट, कोच माइक मार्ट्झची स्कीम. त्या टीमने सलग तीन सीझन ५०० च्या वर पॉइंट केले, ५२६, ५४०, ५०३. अशा टीममध्ये कोणीही चमकेल.

चेस्टरफिल्डकर
आकडे बरोबर आहेत पण अर्धेच दिलेत राव. १९९८ गाळलंत. कोल्ट्सचा रेकॉर्ड ३-१३ (३ जिंकल्या, १३ हरल्या), क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग रुकी म्हणजे पहिल्याच वर्षाचा, पोरगं प्रत्येक मॅचमध्ये बॉल समोरच्याच्या हातात देत होतं, आणि त्या टीममध्ये फॉल्कने १३१९ पळून आणि ९०८ झेलून, मिळून २२२७ यार्ड काढले. मार्ट्झ नाही, होल्ट नाही, काही नाही. मग २४२९, २१८९, २१४७. सलग चार वर्षं दोन हजाराच्या वर, आणि पहिलं त्यातलं कोल्ट्समधलंच.

सरासरीचं म्हणाल तर १९९८ ला त्याला ३२४ वेळा पळवलं होतं, रॅम्सनी १९९९ ला २५३ वेळा. ७१ कॅरी कमी आणि यार्ड जास्त. माणूस तोच, वापरणारे शहाणे निघाले.

आकडेमोड
'वापरणारे शहाणे निघाले' हेच तर मी म्हणतोय ना 🙂 स्कीमचा हात होता.

चेस्टरफिल्डकर
स्कीम त्याच्यामुळे होती. डिसेंबर ९९ ची शिकागोविरुद्धची मॅच काढून बघा, १२ कॅच २०४ यार्ड. रनिंग बॅक! रिसीव्हर लोकांना करिअरमध्ये एकदा २०० मिळाले तर फोटो लावतात भिंतीला.

ओहायोची_काकू
तुमचं दोघांचं भांडण चालू द्या, मी थोडं मागचं सांगते कारण त्याशिवाय हा माणूस कळत नाही.

न्यू ऑर्लिन्सच्या डिझायर हाउसिंग प्रोजेक्टमध्ये वाढला, गावातल्या सगळ्यात गरीब आणि धोक्याच्या वस्त्यांपैकी एक. लहानपणी सुपरडोम स्टेडियममध्ये पॉपकॉर्न विकायचा. कार्व्हर हायस्कूलला असताना मोठमोठ्या कॉलेजांची बोलावणी आली पण बहुतेकांना तो हवा होता डिफेन्सिव्ह बॅक म्हणून, म्हणजे पास अडवणारा. ह्याला बॉल घेऊन पळायचं होतं. सॅन दिएगो स्टेट म्हणालं ये, पळ. तिथे गेला, म्हणजे नावाजलेली कॉलेजं सोडून. आणि दुसऱ्याच मॅचमध्ये, १९९१, पॅसिफिकविरुद्ध, पुढच्या मुलाला लागलं म्हणून बाकावरून उठून आला आणि ३८६ यार्ड, ७ टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं)! तेव्हाचा कॉलेज रेकॉर्ड. १८ वर्षांचं पोरगं.

मला नेहमी वाटतं की तो डिफेन्सिव्ह बॅक म्हणूनही खेळलेला असल्यामुळेच त्याला समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय ते कळायचं. कॉर्नरबॅक कुठे बघतो, कधी कंबर वळवतो, हे त्याने स्वतः केलेलं होतं ना.

१९९२ ला हाइजमन ट्रॉफी (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची) त्याला मिळायला हवी होती, दुसरा आला, मायामीचा क्वार्टरबॅक जीनो टोरेटा घेऊन गेला. आणि १९९४ च्या ड्राफ्टचं (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) दुःख आमचं. पहिला नंबर आमच्या सिनसिनाटी बेंगल्सचा होता, त्यांनी आपल्या ओहायो स्टेटचा डॅन विल्किन्सन उचलला. दुसऱ्या नंबरला कोल्ट्सनी फॉल्क. ह्यांना अजून आठवलं तरी ते चहा अर्धा टाकून उठतात 😄

टवाळखोर
काकू फुटबॉल बघतात?? कधीपासून??

ओहायोची_काकू
तुझ्या जन्माआधीपासून असेल बाळा. मुलगा हायस्कूल टीममध्ये होता, शुक्रवारी रात्री थंडीत कुडकुडत बसायचं तर नियम तरी शिकावे म्हटलं. कँटनला हॉल ऑफ फेम पण बघून आले, फॉल्कचा अर्धपुतळा आहे तिथे. २०११ ला पहिल्याच फटक्यात निवडला गेला, डीऑन सँडर्सच्या बरोबर. तोच डीऑन आता कोलोरॅडो युनिव्हर्सिटीचा कोच, आणि २०२५ ला त्याने फॉल्कला रनिंग बॅक शिकवायला बोलावून घेतलं.

आकडेमोड
काकूंचा डिफेन्सिव्ह बॅकचा मुद्दा आवडला. +१.

पुणेरी_क्लीव्हलँड
१९९९ चा ट्रेड कोणी सांगितला नाही अजून? तोच तर खरा मसाला. कोल्ट्सनी फॉल्क दिला आणि बदल्यात घेतलं काय, तर दुसऱ्या राउंडचा एक आणि पाचव्या राउंडचा एक पिक, म्हणजे ड्राफ्टमधली निवडीची पाळी. बस. २२२७ यार्डवाला माणूस, वय २६, दोन पिक. नव्या काँट्रॅक्टवरून कुरबुर चालू होती, तो कॅम्पला येणारच नाही अशी धास्ती कोल्ट्सचे मॅनेजर बिल पोलियनना होती, म्हणून काढून टाकला. आणि दोनच दिवसांनी ड्राफ्टमध्ये एजरिन जेम्स घेतला.

आकडेमोड
आणि जेम्सने पहिली दोन्ही वर्षं लीगमध्ये सगळ्यात जास्त धावून दाखवलं, १५५३ आणि १७०९. तोही हॉल ऑफ फेममध्ये आहे. कोल्ट्स ३-१३ वरून १३-३. म्हणजे पोलियनला मूर्ख म्हणता येत नाही हो.

चेस्टरफिल्डकर
आणि रॅम्स ४-१२ वरून १३-३ आणि सुपर बोल (लीगची फायनल). एकाच उन्हाळ्यात दोन्ही टीमचं नशीब पालटलं, असा ट्रेड विरळाच.

त्यात गंमत बघा, सीझन सुरू व्हायच्या आधी आमचा क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला. गावात सुतक. मग आला कर्ट वॉर्नर, जो काही वर्षांपूर्वी आयोवात किराणा दुकानात रात्री शेल्फ भरत होता. सगळे वॉर्नरची गोष्ट सांगतात आणि आहेच ती सांगण्यासारखी, पण नवख्या क्वार्टरबॅकच्या बाजूला फॉल्क उभा असणं म्हणजे काय ते कोणी सांगत नाही. काही सुचलं नाही, धावपळ झाली, तर बॉल २८ ला दे, पुढचं तो बघेल.

सुपर बोलमध्ये टेनेसीने त्याला पळू दिलं नाही, १० कॅरी आणि फक्त १७ यार्ड. कागदावर फ्लॉप. पण ५ कॅच ९० यार्ड. एक दार लावलं तर दुसऱ्यातून आला. २३-१६ जिंकलो, शेवटच्या प्लेला माइक जोन्सने केव्हिन डायसनला एका यार्डावर धरला, ते तर सगळ्यांना माहीत आहे.

नवशिका
यूट्यूबवर बघितलं आत्ता. एका यार्डावर!! हात लांब करतोय बिचारा. काटा आला.

बॉस्टनचा_बाळ्या
सुपर बोलचा विषय निघालाच आहे तर दोन वर्षांनंतरचा पण काढूया का 😈 फेब्रुवारी २००२, न्यू ऑर्लिन्स, तेच सुपरडोम जिथे हा पॉपकॉर्न विकायचा. रॅम्स १४ पॉइंटचे फेव्हरिट. पेट्रियट्स २०, रॅम्स १७.

पेट्रियट्सचा कोच बेलिचिकने काय केलं ते ह्या धाग्याला सगळ्यात लागू आहे. त्याच सीझनला नोव्हेंबरमध्ये रॅम्सनी पेट्रियट्सना २४-१७ हरवलं होतं, तेव्हा वॉर्नरवर माणसं सोडून बघितली होती, जमलं नव्हतं. मग सुपर बोलला बेलिचिकने ठरवलं की ह्या मशीनचा मालक वॉर्नर नाहीच, फॉल्क आहे. प्रत्येक प्लेला तो कुठे आहे ते आधी शोधायचं, आणि बॉल असो नसो, तो पास झेलायला बाहेर निघाला की मॅकगिनेस्ट नाहीतर व्रेबल, जो कोणी जवळ असेल त्याने पहिला धक्का द्यायचा. अंगावरच जायचं. तो अर्धा सेकंद उशिरा निघाला की वॉर्नरचं सगळं टायमिंग गंडतं. बाकी मागे पाच-सहा डिफेन्सिव्ह बॅक उभे केले आणि सांगितलं पळायचंय तर पळा.

म्हणजे चेस्टरफिल्डकर म्हणतायत ते बरोबरच आहे, ते सगळ्यात आधी बेलिचिकला कळलं होतं. एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) वॉर्नर होता त्या वर्षीचा, पण गेम प्लॅन फॉल्कवर बनला.

चेस्टरफिल्डकर
बाळ्या, जखमेवर मीठ, तेही व्यवस्थित चोळून.

पण त्यात मार्ट्झने जे केलं ते मी आजही माफ करत नाही. समोरचा म्हणतोय पळा, मागे सगळे हलके गडी उभे आहेत, आणि हा बाबा पासच टाकतोय! फॉल्कला १७ कॅरी, ७६ यार्ड. साडेचारची सरासरी चालली होती. ३० वेळा द्यायचा की रे. आपल्याच हुशारीच्या प्रेमात पडलेला कोच.

आकडेमोड
ह्यावर मात्र माझं एकमत, नोंद घ्या 🙏

गावठी_गिधाड
पेट्रियट्सनी आदल्या दिवशी रॅम्सची प्रॅक्टिस चोरून शूट केली होती ना? फॉल्क स्वतः इतकी वर्षं टीव्हीवर बोलतोय.

बॉस्टनचा_बाळ्या
ती बातमी २००८ ला बॉस्टनच्याच पेपरने छापली आणि नंतर चुकीची होती म्हणून माफी पण मागितली. फॉल्कला संशय आहे तो आहे, त्याच्या जागी मी असतो तर मलाही असता. पण अर्धा सेकंद धक्का मारून उशीर करायचा ह्याला कॅमेरा लागत नाही.

गावठी_गिधाड
सिग्नल शूट केल्याबद्दल २००७ ला दंड झाला तो काय हवेतून झाला?

बॉस्टनचा_बाळ्या
तो जेट्सविरुद्धच्या मॅचचा, वेगळं प्रकरण. ह्यावर वेगळा धागा काढ, येतो तिकडे.

रविवार_सुट्टी
मी फँटसीवाला (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर कागदी टीम खेळवणारा), मला एवढी टॅक्टिक्स कळत नाही. पण २००० साली ज्याच्याकडे फॉल्क होता त्याने लीग जिंकली, विषय संपला. २६ टचडाउन, १८ पळून ८ झेलून, एमिट स्मिथचा २५ चा रेकॉर्ड मोडला. त्यात मधे गुडघ्याचं छोटं ऑपरेशन होऊन दोन मॅच बाहेर होता! १४ मॅचमध्ये २६. शेवटच्या आठवड्यात न्यू ऑर्लिन्सला २२० यार्ड आणि तीन टचडाउन. आमच्या ऑफिस लीगमध्ये फॉल्क एका तेलुगू मित्राकडे होता, त्याने पुढे कित्येक महिने आम्हाला जगू दिलं नाही.

त्या वर्षी एमव्हीपी पण तोच. आणि ऑफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर तर सलग तीन वर्षं, ९९, २०००, २००१.

पुणेरी_क्लीव्हलँड
तो २६ चा रेकॉर्ड टिकला नाही फार. प्रीस्ट होम्स २७, शॉन अलेक्झांडर २८, मग २००६ ला लाडेनियन टॉमलिन्सन ३१. सहा वर्षांत तीनदा मोडला.

नवशिका
मग शेवट कसा झाला त्याचा?

चेस्टरफिल्डकर
गुडघे. रनिंग बॅकचा शेवट बहुतेक असाच होतो. २००२ ला ९५३, मग ८१८, मग ७७४. २००४ ला रॅम्सनी पहिल्या राउंडला स्टीव्हन जॅक्सन घेतला, २००५ ला फॉल्क त्याच्या मागे दुसऱ्या नंबरवर खेळला, २९२ यार्ड. कुरकुर ऐकली नाही कधी, जॅक्सनला शिकवायचा. २००६ पूर्ण बाहेर, २००७ ला रिटायर. करिअरची बेरीज पळून १२२७९ आणि झेलून ६८७५, टचडाउन १३६, त्यातले बरोबर १०० पळून. बारा हजार पळून आणि सहा हजार झेलून असा दुसरा माणूस नाहीये.

आकडेमोड
ठीक आहे. आता मूळ मुद्द्यावर या. मॅककॅफ्रीपेक्षा भारी कसा? मॅककॅफ्रीचे २०१९ ला ११६ कॅच आहेत, फॉल्कचे ८७. आणि त्याची २०१९ ची टीम, पँथर्स, ५-११ होती, तुमच्या भाषेत 'होल्ट नाही, काही नाही'. शिवाय २०२२ ला ४९र्सकडे आल्या आल्या तुमच्याच रॅम्सविरुद्ध एका मॅचमध्ये टचडाउन टाकलं, पळालं, झेललं, तिन्ही. फॉल्कने केलंय असं?

चेस्टरफिल्डकर
नाही केलं. पण ११६ कॅचमध्ये १००५ यार्ड, फॉल्कचे ८७ मध्ये १०४८. दर कॅचला जवळपास साडेतीन यार्ड जास्त. मॅककॅफ्रीला जास्त करून छोटे पास मिळाले, फॉल्कला मार्ट्झ लांब पण पाठवायचा, खऱ्या रिसीव्हरसारखा. आणि आजचे नियम बघा, रिसीव्हरला हात लावायची सोय नाही, क्वार्टरबॅकच्या केसाला धक्का लागला तरी फ्लॅग (फाउलचा पिवळा रुमाल). व्रेबल-मॅकगिनेस्टने जे केलं ते आज केलं तर निम्म्या वेळा पिवळा रुमाल पडेल.

बॉस्टनचा_बाळ्या
२००४ नंतर पाच यार्डाच्या पुढच्या धक्क्यांवर कडक झाले, हो. पण लाईनजवळचा धक्का आजही चालतो. थोडं जास्त ताणताय.

पुणेरी_क्लीव्हलँड
किंमत बघा की. मॅककॅफ्रीसाठी ४९र्सनी चार पिक मोजले, दुसरा, तिसरा, चौथा आणि पुढच्या वर्षीचा पाचवा. फॉल्कसाठी दोन. सगळं करणाऱ्या माणसाची किंमत २३ वर्षांनी लीगला कळली.

आकडेमोड
किंमत वाढली कारण पासिंग वाढलं, फॉल्कमुळे नाही. आणि मी अजून मॅककॅफ्रीच म्हणतो. २०२३ ला परत २०२३ यार्ड आणि २१ टचडाउन, तेही दोन वर्षं दुखापतीत घालवून आल्यावर.

चेस्टरफिल्डकर
म्हणा. फक्त एक करा, २००० सालची ती न्यू ऑर्लिन्सची मॅच पूर्ण मिळाली तर बघा, हायलाइट नको. हायलाइटमध्ये बॉल हातात असलेला फॉल्क दिसतो, ज्या प्लेला बॉल त्याच्याकडे नाही ते कापून टाकतात.

आकडेमोड
लिंक द्या, शनिवारी बघतो. मत बदललं तर इथेच लिहीन, नाही बदललं तर डबल लिहीन.

ओहायोची_काकू
मला पण पाठव रे लिंक. आणि त्यानंतरच्याच आठवड्याची प्लेऑफची पण पाठव, न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्सनी रॅम्सना ३१-२८ हरवलेली, रॅम्सच्या हकिमच्या हातून पंट (लाथेने मारलेला बॉल) सुटला ती. चेस्टरफिल्डकर त्याबद्दल इतका वेळ सोयीस्कर गप्प आहेत.

टवाळखोर
काकू 😂😂😂